उम्म निमरचं रोमन हरण

उम्म निमरने भर सभेत छातीवर हात मारून सांगून टाकलं, "या बागेत तलाव होणार नाही. मी जिवंत असेपर्यंत नाही, आणि मेल्यावर कुणी खणायला लागलं तर थडग्यातून उठून येईन!"

जॉर्डनमधल्या मादबा गावच्या त्या एवढ्याशा बागेत पोहण्याचा तलाव बांधायचा की नाही, यावरून महिनाभर गल्ली पेटली होती. तलाव हवा म्हणणाऱ्यांचा म्होरक्या अबू औदे, लष्करातून निवृत्त झालेला ड्रायव्हर. अजूनही असा बोलायचा, की जणू ट्रक चढावर आहे.

"पोरं उन्हाळ्यात वांग्यासारखी भाजून निघतात, उम्म निमर!"

"आणि पाणी कुठून आणणार? आमच्या गच्चीवरच्या टाकीत आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही डोक्याला साबण लावला की जातं. आणि तू इथे समुद्र भरणार?"

टाळ्या पडल्या. पण खरं दुखणं पाण्याचं नव्हतंच. नगरपालिकेच्या माणसाने तलावासाठी चार खुंट्या ठोकल्या होत्या, आणि त्या चौकोनाच्या बरोबर मधे होतं तुतीचं झाड. त्याच्याखाली बाक. तीस वर्षं उन्हं कलली की उम्म निमर त्या बाकावर बसायची. तिथे बसून तिने अकरा लग्नं जुळवली, तीन मोडली, आणि कुणाच्या घरी काय शिजलं ते वासावरून जाहीर केलं. बाक गेला की ती काय उरणार? गुडघे धरून बसलेली म्हातारी! गल्लीत तशा आणखी सात होत्या.

मग तिला युक्ती सुचली. मादबात हातभर खणलं तरी जुन्या रोमन काळची रंगीत खड्यांची फरशी लागते, आणि ती लागली की पुरातत्त्व खातं येऊन काम बंद पाडतं. तिच्या भावाचं घर नऊ वर्षं पायाभरणीतच अडकलं होतं. आणि तिची सून रुला कामाला कुठे? प्रवाशांसाठी तसल्याच फरश्यांच्या नकला बनवणाऱ्या कारखान्यात! बिघडलेला एक तुकडा घरातच पडून होता. त्यावर हरण होतं, एक पाय वाकडा.

शुक्रवारी दुपारी पुरुष मशिदीत, बायका चुलीपाशी. उम्म निमरने हरण मनसफच्या, म्हणजे मटण-भाताच्या, परातीत ठेवलं, वर फडकं झाकलं आणि निघाली. कोपऱ्यावर शेजारीण आडवी आलीच.

"भात कुणाकडे निघाला, उम्म निमर?"

"आजाऱ्याकडे."

"अगं बाई! कोण आजारी?"

"फार चौकश्या केल्यास तर तू!"

एक मांजर मात्र वासाच्या आशेने बागेपर्यंत मागे आलं. कोळशाच्या फावडीने तिने खुंटीजवळ वीतभर खड्डा केला. त्याहून खोल जायला गुडघे तयार नव्हते. हरण पुरलं, माती सारखी केली, घरी.

आता खणायचं यंत्र येईल, पातं हरणाला लागेल, काम बंद! पण यंत्र येईना. शनिवार गेला, रविवार गेला. उम्म निमर बसली की उठायची, उठली की खिडकीशी जायची, खिडकीतून दाराशी. कॉफी चार वेळा उतू गेली.

"आई, बसा हो घटकाभर! गालिचा झिजला!"

"झिजू दे! तुझ्या माहेरचा आहे."

सोमवारी सकाळी तिचा धीर सुटला. आधी तिने खात्याला फोन केला, मग पुदिन्याची चार रोपं घेऊन बागेत गेली आणि खुंटीपाशी उकरायला लागली.

"लोकहो, धावा! बघा काय सापडलं!"

अबू औदे सर्वांत आधी पोचला. हरण बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. "झाका! ताबडतोब माती टाका! खात्याला कळलं तर तलाव राहिला बाजूला, अख्खी बाग जाईल!"

"मी कायद्याने चालणारी बाई आहे. त्यांना कळवलंय."

"सापडायच्या आधीच?"

"मला पुढचं दिसतं!"

तेवढ्यात खात्याची गाडी आलीच. आतून डॉक्टर लमीस उतरली, खांद्याएवढी पोर, पण नजर सोनाराची. तिने हरण उचललं, पालथं केलं आणि हसू दाबलं. "मावशी, मागे प्लास्टिकची जाळी आहे."

मागे उभी असलेली रुला हळूच दोन पावलं सरकली.

"काय हो उम्म निमर," अबू औदे गरजला, "रोमन लोक प्लास्टिक वापरायचे?"

"हुशार होते ते! तुझ्यासारखे नव्हते!"

बाग खो खो हसली. उम्म निमरने फडकं झटकलं आणि ताठ मानेने बाकावर जाऊन बसली. पण डॉक्टर लमीस गेली नाही. "खबर नोंदली गेलीय, तर दोनचार चाचणी खड्डे घ्यावेच लागतील," ती म्हणाली. पहिल्या खड्ड्यात बाटलीची झाकणं निघाली. दुसऱ्यात एक चप्पल. तिसरा तुतीच्या मुळाशी, उम्म निमरच्या पायांपासून हातभर.

ब्रशने माती सरली आणि खालून एका बाईचा चेहरा वर बघायला लागला. बारीक बारीक खड्यांचा, मोठ्या डोळ्यांचा. डॉक्टर लमीस गुडघ्यांवर बसली ती उठेचना. शेवटी म्हणाली, "मावशी, जरा बाकावरून उठता का?"

आठवडाभरात बागेला चहूबाजूंनी तारेचं कुंपण पडलं. तलाव रद्द झाला. बाक नगरपालिकेच्या गोदामात गेला.

"जिंकलात, आई!" रुला म्हणाली आणि सासूचं तोंड बघून लगेच भांडी घासायला पळाली.

उन्हं कलली, पाय सवयीने निघाले. कुंपणापाशी येऊन उम्म निमर थबकली. आत तुतीच्या गार सावलीत एक नवी कोरी खुर्ची होती. खुर्चीत डोक्यावर सरकारी टोपी, गळ्यात शिट्टी घालून अबू औदे. खात्याला राखणदार हवा होता, गल्लीतलाच, लष्करातला असेल तर उत्तम.

"तारेपासून लांब, उम्म निमर. आत यायला परवानगी नाही."

"किती दिवस?"

"पाच वर्षं. डॉक्टरबाई म्हणाल्या, कमीत कमी."

पाठीवर ऊन तापत होतं. बायका आपापल्या खिडक्यांतून बघत होत्या. उम्म निमरने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, घसा खाकरला आणि तीस वर्षांत कुणी ऐकला नव्हता अशा मऊ आवाजात विचारलं,

"अबू औदे, तुम्ही चहात साखर किती घेता हो?"