विमानाचे शेण

जी वस्तू दोरीने बांधलेली असते तिला मालक असतो, जिला मालक असतो तिची नोंद असते, आणि जिची नोंद असते तीच या जगात असते. राज्यकारभार या भक्कम पायावर उभा आहे. वडनेरच्या शिवारात रूपरावांच्या शेतावर वर्षभर एक विमान दोरीला बांधून उडत होते; पण नोंद नसल्यामुळे ते, कायद्याने पाहता, उडत नव्हते.

विमान पुण्याच्या एका कंपनीचे. त्यात वैमानिक नाही, प्रवासी नाहीत आणि ते कुठेही जात नाही (त्यामुळे त्याला कधी उशीर झालेला नाही). वारा त्याला वर नेतो, ते दोरी ओढते, दोरी जमिनीवरचे चाक फिरवते, चाक वीज करते. दोरी संपली की चाक तिला गुंडाळून घेते आणि विमान पुन्हा वर जाते. दिवसभर हेच.

खुंटा रोवायला जागा देताना रूपरावांनी एकच गोष्ट मागितली होती: शेतातल्या मोटारीला दिवसा वीज. इथल्या शेतांना वीज रात्री मिळते. दिवसाची वीज अधिक महत्त्वाच्या माणसांसाठी राखलेली असते. कंपनीने होकार दिला, तोंडी. कार्तिकात तुरीला पाणी द्यायला रूपराव नेहमीप्रमाणे मध्यरात्रीनंतर गेले. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सापाने गाठले. सकाळी त्यांना आणायला चार माणसे गेली. तुरीला पाणी मात्र शेवटच्या ओळीपर्यंत पुरले होते.

त्यानंतर रात्रीची पाळी त्यांच्या बायकोकडे, मनकर्णाबाईंकडे आली. वय चौसष्ट.

त्यांची मुलगी ज्योत्स्ना वर्ध्याला नोकरीला. आईने रात्री शेतात जाऊ नये एवढेच तिला हवे होते. दिवसाच्या विजेचा अर्ज घेऊन ती तीन कचेऱ्या फिरली. विजेच्या कचेरीने सांगितले, खांबावरून येत नाही ती वीज नव्हे. विमानांच्या कचेरीने कळवले, जे कुठे जात नाही ते विमान नव्हे. महसूल कचेरीचे म्हणणे पडले की शेताची हद्द वरच्या बाजूने कुठे संपते ते मोजणी झाल्यावर कळवू. तिन्ही उत्तरे शुद्ध मराठीत होती.

शेवटी ती ग्रामपंचायतीत आली. ग्रामसेवक भूपेंद्र कागदांच्या ढिगात होता.

"ताई, पशुगणना चालू हाय. दुसरा कोणताच अर्ज घेत नाई मी सध्या."

बाकावर म्हातारे तानबाजी बसले होते. तरुणपणी त्यांनी विहिरीवर मोट हाकली होती. ते म्हणाले, "मंग पशूतच घे ना बाबू. दावं हाय, खुंटा हाय, दिवसभर ओढून राह्यलं. आमची मोट अशीच चाले. बैल वरतं गेला, एवढंच."

"पण ते चारा कुठं खाते, तानबाजी?"

"तू तरी हापिसात काय करतं? तुही हजेरी लागतेच ना?"

भूपेंद्रला मुद्दा पटला. नोंद झाली. प्रकार: गोवंश (इतर). रंग: पांढरा. शिंगे: दोन, आडवी. दात: नाहीत, सबब वय सांगता येत नाही. गावात जनावरे चारशे बारा झाली, पैकी उडणारी एक. पंखाला पिवळा बिल्ला लागला. लाळ-खुरकताची लस द्यायला माणूस आला. सुई आत गेली नाही. शेरा: जनावर निगरगट्ट. पोळ्याला विमान खाली उतरवून सुट्टी देण्यात आली आणि आदल्या संध्याकाळी त्याचे खांदे हळद-लोण्याने चोळण्यात आले (पुढचे दोन दिवस वाऱ्याच्या ते हाती लागले नाही).

वीज मात्र पुण्यालाच जात राहिली.

एके दिवशी मनकर्णाबाई शेणाची पाटी उतरवत म्हणाल्या, "काऊन वं, तुमचं ते इमान आपल्या खुंट्याले हाय ना? पाहुण्याचा बैल आपल्या खुंट्याले राह्यला तं शेण आपलं असते. तुह्या बापानं कधी कोणाचं शेण वापस नाई केलं."

ज्योत्स्नाने त्याच दुपारी अर्ज लिहिला. विषय: आमच्या खुंट्यास बांधलेल्या जनावराचे शेण मिळणेबाबत.

कंपनीने सुरभी नावाची इंजिनिअर पाठवली. ती शांतपणे म्हणाली, "हे काहीही टाकत नाही."

"मंग त्याले दवाखान्यात न्या, बाई," तानबाजी काळजीने म्हणाले.

समिती नेमली गेली. प्रश्न एकच: वीज हे दूध की शेण? दूध असेल तर मालकाचे, शेण असेल तर खुंट्याचे. तीन बैठका आणि चौसष्ट कप चहा झाला. दूध ठरण्याच्या बेतात होते, तेवढ्यात सुरभी बोलून गेली, "तसंही पुण्याला सगळी कुठं पोचते? नऊ टक्के वाटेतच गळते."

सगळ्यांनी एकदम तिच्याकडे पाहिले.

"जे मालकापर्यंत जात नाई आन् जाग्यावरच पडते," तानबाजी म्हणाले, "त्याले तुमच्यात काय म्हणते?"

ठराव झाला. वीज दूध, गळती शेण. खुंट्यापासून मोटारीपर्यंत एक तार टाकली गेली आणि कागदोपत्री तिला गळती म्हणण्यात आले. कार्तिकात भर दुपारी तुरीला पाणी सुटले. मनकर्णाबाई धुऱ्यावर उभ्या राहून बराच वेळ पाहत होत्या.

"उन्हात पाणी कसं दिसते, भुलूनच गेलती मी."

इतक्या दिवसांत ज्योत्स्नाने वर्ध्याला पहिल्यांदाच फोन बंद करून झोप घेतली.

दोन महिने असे गेले. मग शहरात कोणीतरी हिशोब मांडला की हरित ऊर्जेत नऊ टक्के गळती ही लाजिरवाणी गोष्ट आहे. मोहीम निघाली. लोकांच्या मोबाइलवर हिरव्या पानाचे चित्र आले, खाली बटण: मी सहमत आहे. पाच लाख लोक सहमत झाले. तार काढून नेण्यात आली आणि गळती शून्यावर आली. मनकर्णाबाई पुन्हा रात्री जाऊ लागल्या.

ज्योत्स्नाने माहिती मागवली. सहमतांची यादी पत्त्यांसह आली (बटणाखालच्या बारीक अक्षरांत तशी परवानगी तुम्ही दिली होती, दुपार होती, पंखा फिरत होता, तुम्ही वाचले नाही). ग्रामसभेने एकमताने ठरवले की जे सहमत आहेत त्यांनी रोज एकेकाने येऊन रात्री मोटार चालू करावी, म्हणजे मनकर्णाबाईंना झोपता येईल. यादी अकारविल्हे लावली आहे. पत्रे रवाना होत आहेत. सध्या 'क' चालू आहे.

तुमचे पत्र मिळाले की यावे. धुऱ्यावर गवत फार वाढले आहे, पाय पाहून टाकावा.