अर्ध्या वाक्याने पुढे

आमच्या शेजारचे सुकलाल नाना दिगंबरचा सिनेमा पाहायला बसले, की पडद्यावर त्याने तोंड उघडायच्या आधीच त्याचा संवाद म्हणतात. एकदा पुढच्या रांगेतला माणूस वैतागून मागे वळला. "ओ नाना, आमले बी देखू द्या ना पिक्चर!"

नाना शांतपणे म्हणाले, "मी थांबलो तर तो अडकेल."

सिनेमा केव्हाच चित्रित होऊन आलेला असतो, आता कुणी अडकत नाही, हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं. "तुला नाटक कळत नाही," एवढंच उत्तर मिळालं. मला खरंच कळत नाही. मी साक्रीकडच्या खेड्यातला, घरातला कॉलेजात आलेला पहिलाच. धुळ्यात नानांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली, तेव्हा ते इतके महागात पडतील असं वाटलं नव्हतं.

नाना म्हणजे प्रॉम्प्टर. दिगंबर आज सिनेमात इन्स्पेक्टर होऊन लोकांच्या कानाखाली वाजवतो; पण तो धुळ्याच्या हौशी नाटकांत होता तेव्हा नाना विंगेत बसून त्याला वाक्यं पुरवायचे. वही समोर धरायची आणि वाचायचं. ज्याला वाचता येतं त्या कुणालाही जमेल असं काम. पण नानांचं म्हणणं, "त्याच्या तोंडातलं प्रत्येक वाक्य आधी माझ्या तोंडातून गेलंय." उष्टं म्हणायचं का मग, असं माझ्या मनात येई. बोलण्याचं धाडस झालं नाही.

त्यांचा एक मंत्र होता: "प्रॉम्प्टरचा आवाज नटाला जावा, पब्लिकला नाही." सिनेमात दोन रांगांना तो जायचा, पण नाना म्हणत, "त्या लोकांचे कान फार तिखट."

दिगंबर मुंबईला गेला, नाटकमंडळी पांगली, आणि नाना आम्हाला वाक्यं पुरवू लागले. लग्नात भटजींना, बसमध्ये कंडक्टरला, आणि सगळ्यात जास्त मला, कारण मी बोलताना अडखळतो. "नाना, मला जरा..." एवढं म्हणताच ते म्हणत, "चहापत्ती हवी!" मला पेपर हवा असे. मी मुकाट्याने चहापत्ती घेऊन येई. वर्षभरात माझ्याकडे एक डबा भरून जमली.

"दिगंबरचा फोन येतो का?" एकदा मी मुद्दाम विचारलं.

"बिझी असतो," नाना म्हणाले आणि उगाचच वहीची पानं सारखी करू लागले.

मग जळगावात दिगंबरचा सत्कार ठरला. नानांनी गल्लीभर सांगितलं, "बघाल, स्टेजवरून माझं नाव घेईल." सोबतीला मला ओढलं. इस्त्रीचा सदरा, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत जुनी वही. दोन तास आधी पोचून त्यांनी पुढची रांग सोडली आणि कडेला, स्टेजच्या पायऱ्यांजवळ दोन खुर्च्या धरल्या. "इथून आवाज जातो."

दिगंबरने भाषणात आईचे आभार मानले, दिग्दर्शकाचे मानले, मेकअपवाल्याचे मानले, गाडीच्या ड्रायव्हरचेसुद्धा. प्रत्येक नावाला नाना खुर्चीतून थोडे उठत आणि पुन्हा बसत. नाव आलं नाही. गल्लीत आता काय तोंड दाखवणार, असं मला वाटलं. खरं सांगतो, थोडा आनंदही झाला.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "भाऊ, जुन्या नाटकातलं काहीतरी होऊ द्या!"

दिगंबरने माइक बाजूला सारला आणि घर सोडून गेलेल्या मुलाचं स्वगत सुरू केलं. चार वाक्यं छान गेली. पाचव्याला तो थांबला. लोकांना तो अभिनय वाटला. मला त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता.

नानांची वही पिशवीतच होती. ओठ हलले न हलले. "दार उघडंच होतं..."

"दार उघडंच होतं, आई!" दिगंबर गरजला, आणि पुढचं सगळं धो धो आलं. टाळ्या थांबेनात. पायऱ्यांकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. मागच्या दाराने गाडीत बसून निघूनही गेला.

परतीच्या बसमध्ये पारोळं आलं. मला राहवेना. "नाना, तुम्ही एवढं केलंत, आणि त्याने तुमच्याकडे..."

मी अडखळलो. नानांनी वाक्य पुरं केलं नाही. वर्षभरात पहिल्यांदाच. शेवटी मलाच करावं लागलं, "...पाहिलंसुद्धा नाही."

"विंगेकडे पाहणारा नट मी तयार केला नाही," नाना म्हणाले. खिडकीबाहेर कपाशीची शेतं मागे जात होती. मग नाटकातली ती शुद्ध भाषा सोडून, अगदी हळू, त्यांनी विचारलं, "तुले ऐकू उनं का रे?"

मी शेजारच्याच खुर्चीत होतो. शब्द न् शब्द ऐकला होता.

"नाही, नाना," मी म्हणालो. न अडखळता.

नानांनी मान हलवली आणि मांडीवरच्या पिशवीवर हात ठेवून डोळे मिटले.