हिची आई कोण?

आमचे दामूअण्णा बाटली हातात घेतली की आधी विचारत, "हिची आई कोण?" रमची आई ऊस, म्हणून रम चाले. द्राक्षाची वाइन तर नाशिकचीच लेक, तिची चौकशी नको. बिअरची आई सातू, तिला उंबरठ्याबाहेर. आणि व्हिस्कीच्या लेबलावर आईचा पत्ताच नसतो, म्हणून तिच्यावर कायमचा संशय.

अण्णा ओझरच्या कारखान्यात माझ्या शेजारी फिटर. सत्तर सालानंतर कधीतरी पोटाच्या दुखण्यानं वाळून त्यांची पार काडी झाली, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, गहू आणि सातू जन्मभर बंद. कणभरही चालणार नाही. "गव्हानं कुणी आजारी पडतं का?" म्हणून लोक हसायचे, वर आग्रहही करायचे.

शनिवारी संध्याकाळी नाशिक रोडला माझ्या गच्चीवर आम्ही मित्र बसत असू. अण्णा स्वतःचा ग्लास रुमालात गुंडाळून आणत. एकदा बढतीच्या आनंदात वसंता पगारेनं त्यात बिअरच ओतली.

"घ्या हो अण्णा, एका घोटानं काय व्हतंय?"

अण्णांनी बिअर मोरीत ओतली आणि ग्लास राखेनं घासघासून धुतला. वसंता चिडला. "एवढी नाटकं कशाला? पिऊच नका ना मग!"

अण्णा ग्लास रुमालानं पुसत म्हणाले, "लग्नात पानातली पुरी नको म्हटली की यजमानाचं तोंड उतरतं. दिवाळीला भावाकडंसुद्धा माझा डबा वेगळा. आता कुणी जेवायला बोलवतच नाही. चार माणसांत चार माणसांसारखा दिसतो, तो फक्त हा ग्लास हातात असताना. म्हणून जपतो रे."

मला फार वाईट वाटलं. पापड घेऊन आलेली माझी बायको जिन्यातच थबकली होती.

पुढच्या शनिवारी तिनं सगळ्यांना जेवायला बोलावलं. सगळ्यांच्याच ताटात बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत. वसंता मुकाट्यानं अण्णांच्या शेजारी बसला. अण्णांनी सवयीनं भाकरी उचलून पाहिली.

"वहिनी, हिची आई कोण?"

"बाजरी. घरीच जात्यावर दळलीय. गिरणीत गव्हाचं पीठ मिसळतं ना! तवासुद्धा नवा आहे. निवांत जेवा."

अण्णांनी मांडीवरची डब्याची पिशवी भिंतीशी सरकवली आणि मान खाली घालून जेवू लागले. दुसरी भाकरी त्यांनी मागून घेतली.