व्यंकटरावांचा हिरवा समुद्र

“समुद्र, समुद्र म्हणून काय ते! खारट पाणी! ना पिता येत, ना पिकाला देता येत! उद्या मी तुम्हाला आमचा समुद्र दाखवतो. हिरवागार!”

व्यंकटरावांनी हे लातूरच्या आपल्या घरात व्याह्यांना अशा आवाजात सांगितलं, की गल्लीतले दोन ऑटो थांबले. आवाजाला इलाज नव्हता. पस्तीस वर्षं ते एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. निलंग्याची गाडी कोणत्या फलाटाला लागलीय हे ज्या सुरात सांगायचं, त्याच सुरात ते घरी मीठ मागत.

व्याही मयेकर मालवणजवळच्या किनाऱ्यावरचे. गेल्या मे महिन्यात त्यांनी व्यंकटरावांना सहकुटुंब होडीतून फिरवलं होतं. त्या फेरीत व्यंकटरावांनी होडीच्या खांबाला अशी मिठी मारली, की ती सोडवायला दोन माणसं लागली. मयेकर ही गोष्ट प्रत्येक लग्नात सांगत, आणि त्या वर्षी त्यांच्याकडे लग्नं फार होती!

पण व्यंकटरावांचं खरं दुखणं वेगळं होतं. लेक सुकन्या मयेकरांच्या घरी दिलेली. तिनं दरवर्षी येळवशीला चार वर्षांच्या चिमीला घेऊन माहेरी यावं, एवढीच त्यांची इच्छा. आणि मयेकर दरवर्षी फोनवर म्हणत, “पंधरा तासांचा प्रवास, पोरीचे हाल! आणि बघायचं काय? ढेकळं?” यंदा मात्र ते सुनेला आणि नातीला घेऊन स्वतःच आले होते. पुढच्या वर्षीचं काय ते उद्या ठरणार होतं.

मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला आमच्याकडे येळवस म्हणतात. त्या दिवशी अख्खं लातूर शेतात जातं. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो, आणि वाटेनं जाणाऱ्या परक्यालाही हाक मारून जेवायला बसवतात. व्यंकटरावांनी पस्तीस येळवशी जादा गाड्या सोडून सगळ्या जिल्ह्याला शेतात पोचवलं आणि स्वतः केबिनमध्ये डबा खाल्ला; निवृत्तीनंतरची ही पहिलीच येळवस. वडिलांच्या वाटणीतलं अडीच एकर त्यांनी पाहिलं ते फक्त मे महिन्यात. आणि मे महिन्यात सगळी शेतं सारखीच काळी दिसतात, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही.

“पप्पा, रेवणप्पाकाकांना रस्ता विचारून घ्या की,” सुकन्या सकाळी जीपमध्ये बसताना म्हणाली. रेवणप्पा त्यांचं शेत बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं करायचा.

“रस्ता? मी विचारू? अगं, जिल्ह्यातला एकेक फाटा पाठ हाय मला! चिंचेचं झाड, डावीकडं वळायचं, तिसरं शेत!”

चिंचेचं झाड रस्ता रुंद करताना पावसाळ्यातच गेलं होतं. पुढची चिंच थोडी लांब उभी होती. जीप तिथं डावीकडं वळली.

तिसरं शेत बघून व्यंकटरावांचे डोळे पाणावले. कमरेएवढा हरभरा नव्हे, पण सांगताना तेवढाच सांगावा असा हरभरा! छातीएवढी ज्वारी, बांधावर ठिबकवर वाढलेली आंब्याची कलमं, आणि मधोमध कडब्याच्या पेंढ्यांची टुमदार कोप. कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव मांडलेले, पुढं आंबिलीचं मडकं, भज्जीचं पातेलं, उकडलेल्या ज्वारीच्या उंड्यांची टोपली. माणूस मात्र एकही नाही.

“बघा! रेवणप्पानं सगळं तयार ठेवलंय!”

व्यंकटरावांच्या बायकोनं, सिंधूताईंनी, भुवया आक्रसल्या. “एवढा उरक? त्याला तर फोन उचलायला दोन दिवस लागतात.”

“पप्पा, आपली विहीर उजव्या हाताला होती ना?” सुकन्या.

“सरकली असंल! तू बस!”

मयेकर कलमांपाशी उभे राहिले. आंबा म्हटल्यावर कोकणी माणूस गप्प बसेल का? “ही केशरची लावलीत काय?”

“मीच लावायला सांगितली,” व्यंकटराव म्हणाले. एकदा कलमं आपली म्हटल्यावर विहीर आणि ठिबकही त्यांनी आपलंच सांगितलं. मयेकरांची मान हळूहळू कौतुकानं हलायला लागली. व्यंकटराव इंचाइंचानं उंच व्हायला लागले.

“आणि ते पलीकडलं?” मयेकरांनी बोट दाखवलं. एक शेत सोडून पुढं गवत माजलेलं रान होतं, त्यात एका बाजूला कललेली कोप.

“असतात एकेक आळशी मालक! बापानं ठेवलेलं रान, पण बघायला नको!”

त्या आळशी रानात एक माणूस टॉवेल हलवत होता. व्यंकटरावांनीही रुमाल काढून हलवला. “बघा, आमच्याकडली माणसं! ओळख ना पाळख, पण माया बघा!” तो माणूस दोन्ही हातांनी हलवू लागला. व्यंकटरावांनीही दोन्ही हातांनी हलवला. चिमीला हा खेळ फार आवडला.

पंगत बसली. भज्जी म्हणजे पालेभाज्या, तुरीचे-हरभऱ्याचे कोवळे दाणे आणि बेसन यांचा घट्ट रस्सा. मयेकरांनी पहिल्या घासाला डोळे मिटले, दुसऱ्यालाही उघडले नाहीत. तेवढ्यात बांधाकडून एक तिशीचा तरुण आणि त्याची म्हातारी आई आली. दोघं पिकावर आंबील शिंपडून येत होती.

“या, या!” व्यंकटराव उठलेच. “अनोळखी म्हणून लाजू नका! येळवस हाय! बसा, जेवा!”

तरुणानं तोंड उघडलं. म्हातारीनं त्याचा दंड दाबला. तिनं एकवार कोपीकडं बघितलं, पाहुण्यांकडं बघितलं, आणि पदर सावरून पंगतीत बसली. “बस, भागवत. एवढा जीव लावून बोलवायलेत.”

सिंधूताईंनी वाढलं. म्हातारीनं आंबील चाखली. “ब्येस झालीय. कुणी केली?”

“आमच्या रेवणप्पाच्या बायकोनं.”

“मीठ कमी वाटतंय का?”

“हाव, जरा कमीच हाय,” सिंधूताई मोकळेपणानं म्हणाल्या. “तिचा हातच तसा हाय.”

“खरंय,” म्हातारी म्हणाली. “चाळीस वर्षं झाली, सुधरंना.”

भागवतला ठसका लागला. व्यंकटरावांनी त्याला मायेनं पाणी दिलं, त्याच्याच घागरीतलं!

आणि फोन वाजला. व्यंकटराव फोन कायम स्पीकरवर ठेवून घेत. सगळ्या फलाटांना ऐकू गेलं पाहिजे, ही जुनी सवय!

“मालक, तासभर झाला टॉवेल हलवायलोय! तुम्हीबी हलवायलाव! मग येईनात कसं?”

“कुठून बोलतोस रे रेवणप्पा?”

“आपल्या शेतातनं! तुम्ही भागवतभाऊच्या रानात काय करायलाव?”

कोपीत सगळ्यांचे घास हातातच थांबले; हरभऱ्यातली अळीही खायची थांबली असावी. व्यंकटरावांनी हळूच पलीकडं बघितलं. गवत, कललेली कोप, टॉवेल. सिंधूताईंनी मडक्याकडं बघितलं, मग म्हातारीकडं, मग जमिनीकडं. लेकीचं माहेरपण, दरवर्षीची येळवस, नातीचा खेळ, सगळं आता या बांधावरून घसरणार, असं व्यंकटरावांना वाटलं.

“माफी करा, मावशी,” ते आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. “आम्ही उठतो.”

“जेवता जेवता उठायचं न्हाई!” पार्वतीबाई, म्हणजे ती म्हातारी, गरजली. “भागवत, पलीकडल्यांनाबी हाक मार. आणि ताई, तुम्ही तेवढं मीठ घाला, आत्ताबी आणि पुढल्या येळवशीलाबी. खरं सांगणारं माणूस घरात एकबी न्हाई माझ्या!”

मयेकरांचं पोट हलायला लागलं. मग खांदे. मग ते इतके हसले की टोपी भज्जीत पडली. “अहो व्याही, आमच्याकडं एक फणस कुंपणापलीकडं पडला, तर तीन पिढ्या कोर्टात जातात! इथं मालकालाच त्याच्या शेतात पाहुणा केलात, आणि तो बसला!” त्यांनी डोळे पुसले. “सुकन्या, ऐक. चिमीला घेऊन दरवर्षी यायचं. मी पण येणार.”

व्यंकटरावांचा चेहरा असा खुलला, की जणू दिवाळीच्या गर्दीत सगळ्या गाड्या वेळेवर सुटल्या! “या की! पुढच्या वर्षी आपलं रान बघाच! गवत काढतो, विहीर उपसतो, पन्नास कलमं लावतो!”

“लावा, लावा,” मयेकर पार्वतीबाईंकडं ताट पुढं करत म्हणाले. “पण आम्ही जेवायला इथंच येणार. मावशींनी आताच आमंत्रण दिलंय.”

“तुम्हीबी या बरं का,” पार्वतीबाई व्यंकटरावांना म्हणाल्या. “रस्ता विचारत विचारत या.”