मोरीवरचा बंदोबस्त

शिवलिंगअप्पांनी साप पाळला होता, आणि रोज संध्याकाळी त्याला अंगणात फिरायला सोडताना ते बंदोबस्त लावत. बंदोबस्त हा शब्द त्यांचाच. मांडुळाचं पिल्लू ते. माझ्या अंगठ्याएवढं जाड, आणि शाळकरी मुलाच्या कंपासपेटीत मावलं असतं एवढंच लांब. त्याच्यासाठी तीन माणसं आणि एक काठी. काठी सापासाठी नव्हे. काठी घेऊन सापाकडे येणाऱ्या माणसासाठी.

ते दिवस आमच्या लातूरला फार मोठेपणाचे होते. जिल्हा नवा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या होत्या, पाट्यांच्या मागे कचेऱ्या यायच्या होत्या. पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातच राहिला असावा, कारण तो आमच्याकडे रुजू झाला नाही. नळाला पाणी नव्हतं, पण धूळ उडवायला जीपगाड्या भरपूर होत्या. जो तो कुठल्या ना कुठल्या साहेबाबद्दल बोलत होता.

गल्लीतला नळ कोरडा पडला म्हणून लोकांनी त्याच्याखाली खड्डा खणला. पाणी लागलं नाही, मांडूळ लागलं. लगेच काठ्या आल्या. अप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडुळावर पालथी घातली आणि स्वतः शेजारी फतकल मारून बसले.

"नव्या जिल्ह्यात आलाय बिचारा," ते म्हणाले, "हजर तर होऊ द्या त्याला."

त्या दिवसापासून मांडुळाचं नाव साहेब पडलं.

अप्पा मूळचे उदगीरचे, किराणा दुकानदार. दुकान बंद केलं तेव्हा त्यांनी सगळं विकलं, फक्त काचेचं शोकेस ठेवलं. ज्यात एकेकाळी लिमलेटच्या गोळ्या असत त्यात आता भुसभुशीत माती आली, मातीवर पाण्याची बशी आली. अशा रीतीने साहेबांना राहायला जागा मिळाली. नव्या कचेऱ्यांत बदलून आलेले दोन कारकून तेव्हा अजून बसस्थानकाजवळच्या लॉजवर झोपत होते.

पुढचा प्रश्न जेवणाचा होता. अप्पा गळ्यात लिंग बाळगणारे, अंड्याचं नाव निघालं तरी चूळ भरणारे. साहेबांना मात्र उंदराची पिल्लं लागत. ती पुरवायचं काम उस्मानभाईंकडे होतं. उस्मानभाई म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, अप्पांचे शेजारी. ते आडत बाजारातून पिल्लं काडेपेटीत घालून आणत. ती शोकेसमध्ये सोडली, की अप्पा भिंतीकडे तोंड करून उभे राहत.

"अप्पा, खा रहे साहब. देखो तो."

"आपण कशाला बघायचं? ते त्यांचं खासगी हाय."

साहेबांवरून अप्पांची नजर हटायची ती एवढीच. एरवी त्यांचं ब्रीद होतं, "नजर हटली की गेलं." हे ते सापाबद्दल म्हणत, दुधाबद्दल म्हणत, सरकारी योजनांबद्दलही म्हणत.

मांडूळ हे जनावर मुळात चालतं का, अशी शंका यावी इतकं ते संथ असतं. साहेब फरशीच्या एका सांध्यापाशी विचारात पडत, आणि पुढच्या सांध्यापर्यंत पोचेतो अंधार पडत असे. शिवाय त्यांचं शेपूट तोंडासारखंच बोथट. कुठल्या टोकावर लक्ष ठेवायचं, असं मी एकदा विचारलं.

"दोन्हीकडं. म्हणून तर लई माणसं लागतेत, सर."

अप्पा साहेबांशी कन्नडमधून बोलत. "बा, बा," म्हणजे ये, ये. "साकु," म्हणजे पुरे आता. मी आयुष्यभर शाळेत शिकवलेलं असल्यामुळे चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही. सापाला आपल्यासारखे कान नसतात, तुमचं बोलणं त्याला ऐकू येत नाही, असं मी त्यांना सांगितलं.

"म्हणूनच साहेब मधी बोलत न्हाईत," अप्पा म्हणाले. मग म्हणाले, "आमची ही बीदरकडची. ती गेल्यापासून कन्नड बोलायला घरात कुणी ऱ्हायलं न्हाई. पोरगा नांदेडला, त्याला येत न्हाई. जिभेला गंज चढून राहिलाय."

आता बंदोबस्ताबद्दल. गल्लीने साहेबांना राहू दिलं ते एका अटीवर. साहेबांचा हा संध्याकाळचा दौरा सुरू असेपर्यंत अंगणाच्या दाराला बाहेरून कडी लागेल. ही कडी समोरच्या शकुंतलाबाई लावत. "बसा आता शहाणे लोक आतमधी," असं म्हणत त्या आम्हाला कोंडून जात आणि दिवेलागणीला सोडवायला येत. साप गल्लीत दिसला तर ठेचायचा, हे ठरलेलं होतं आणि ते अप्पांना चांगलं माहीत होतं. भिंतीच्या आत साहेब, भिंतीच्या बाहेर नुसता साप.

उस्मानभाईंची नेमणूक दारावर होती. बाहेरून कडी घातलेल्या दारावर एक निवृत्त ड्रायव्हर तासभर डोळ्यांत तेल घालून बसतो, या दृश्याने माझी फार करमणूक होत असे. माझी नेमणूक मोरीवर होती. ती जागा मात्र खरोखर जोखमीची. मोरीचं भोक भिंतीतून थेट गल्लीत निघत होतं.

ती नेमणूक कशी झाली, तेही सांगायला हवं. त्या उन्हाळ्यात माझी पत्नी सुमती गेली. दिवसवार झाले, पाहुणे परतले, आणि मी दार लावून पुस्तकं वाचत बसू लागलो. वाचत होतो असं नाही, पानं उलटत होतो. सांत्वनाला येणारे नश्वर देहाबद्दल बोलत आणि चहा पिऊन जात. एके संध्याकाळी अप्पा आले. चहा नको म्हणाले. सुमतीचं नाव काढलं नाही, देह नश्वर असल्याचंही सांगितलं नाही.

"सर, मोरीवर माणूस कमी पडून राहिलाय," ते म्हणाले.

"अप्पा, मला सापातलं काही कळत नाही."

"मोरीतलं कळतंय ना? भोकाकडं बघत बसायचं. पुस्तक आणा वाटलंच तर."

नाही म्हणायलाही उत्साह लागतो. माझ्यात तो नव्हता, म्हणून मी गेलो. पोत्याची घडी टाकून मोरीपाशी बसलो. दुसऱ्या दिवशी मला उशीर झाला तर अप्पांनी निरोप पाठवला की दौरा खोळंबलाय. मग रोजच जाऊ लागलो. एका बिनकामाच्या प्राण्यासाठी दोन बिनकामाचे म्हातारे बसतात, त्यांच्यात निदान माझं तरी काम खरं आहे, असं मी स्वतःला समजावत असे.

आणि एके दिवशी दौरा रंगात असताना टँकर आला. चार दिवस न आलेला टँकर. शकुंतलाबाईंनी बाहेरून कडी काढली, दार सताड उघडलं आणि ओरडल्या, "अप्पा, टँकर. घागरी काढा." आम्ही तिघेही उठलो. घागरी घेऊन वळलो, तो फरशी रिकामी.

साहेब नव्हते.

अप्पांच्या हातातली घागर खाली पडली. ते दाराकडे धावले आणि उंबऱ्यावर आडवे बसले. गल्लीत बायका, पोरं, बादल्या, नळ्या. कुणीतरी विचारलं काय झालं, शकुंतलाबाईंनी सांगितलं, आणि पाण्याची रांग मोडून काठ्यांची रांग झाली.

"मोरीतून आला असंल बाहेर," एकजण म्हणाला. "मोरीपाशी बघा."

"मोरीतून न्हाई जायचा," अप्पा म्हणाले.

"भोक हाय की एवढं."

"न्हाई जायचा म्हणतो ना. दारातून आलाय का बघा. पाय बघून टाका बाबा. मारू नका. टोपी हाय माझ्याकडं."

त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. त्यांनी उंबरा चाचपला, रिकाम्या हौदात डोकावलं, घागरी उलट्या करून पाहिल्या. मोरीकडे मात्र ते फिरकले नाहीत. मला ते लागलं. मोरी माझी होती. मी बाही वर करून भोकात हात घातला. कोपरापर्यंतही गेला नाही. बोटांना सिमेंट लागलं. खडबडीत, टणक, जुनं.

मी उस्मानभाईंकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते.

"मोरी तो कबकी बंद है सर," ते हळूच म्हणाले. "साहब आये ना, उसी दिन अप्पा सिमेंट मारे."

"मग मी इतके दिवस..."

"मैं बंद दरवाजे पे, तुम बंद मोरी पे." त्यांनी खांदे उडवले. "घर में बैठ के भी क्या करते?"

बसावं म्हणून मी पोत्याची घडी उचलून झटकायला गेलो. खाली फरशीच्या फटीतल्या मातीत साहेब अर्धे घुसून निवांत पडले होते. माझ्या बैठकीची ऊब अजून तिथे होती. सरकारी भाषेत सांगायचं तर ते माझ्याच कार्यक्षेत्रात सापडले.

अप्पा आले. टोपी पालथी घालायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी साहेबांना ओंजळीत घेतलं आणि "साकु, साकु" म्हणत शोकेसकडे नेलं. शकुंतलाबाईंनी काठीवाल्यांना पिटाळलं, अप्पांची घागर भरून आणून ठेवली, आणि जाताना साहेबांच्या बशीतही पाणी ओतलं. शिव्या देतच ओतलं.

सगळे गेल्यावर अप्पा माझ्याजवळ आले. माझ्या हाताला मोरीची धूळ लागली होती. ती त्यांनी पाहिली.

"हात घातला का मोरीत, सर?"

"घातला."

ते उभेच राहिले. टोपी डोक्यावर घालायचीही त्यांना आठवण नव्हती. मी उद्या येणार की नाही, एवढंच ते बघत होते.

"खोल आहे फार," मी म्हणालो. "लक्ष ठेवावं लागेल."

अप्पांनी टोपी झटकली, नीट डोक्यावर बसवली.

"तेच तर म्हणून राहिलो ना. नजर हटली की गेलं."

दुसऱ्या दिवशी मी जरा लवकरच गेलो. शकुंतलाबाईंनी बाहेरून कडी घातली. उस्मानभाई दारावर बसले. मी पोतं झटकून पाहिलं, मोरीपाशी अंथरलं आणि पुस्तक घरीच ठेवून आल्यामुळे भोकाकडे बघत बसलो.