शिळेवरचं एकमत

आधी दगड, मग कागद, हा बब्रुवानचा सिद्धांत! "कागद कुठं पळून जातोय व्हय? दप्तरात सापडतोच," असं तो सरपंच ज्ञानेश्वरीताईंना छाती फुगवून सांगायचा. बावीस वर्षं ग्रामपंचायतीत कारकुनी केलेला माणूस! त्याच्यापुढं ताई तरी काय बोलणार? महाराष्ट्र दिनासाठी उमरग्याहून काळी शिळा कोरून आली आणि सिमेंटात पक्की बसलीसुद्धा. 'दि. १ मे १९६० रोजी या ग्रामपंचायतीने नव्या राज्याच्या स्वागताचा ठराव एकमताने मंजूर केला.'

आता तो ठराव शिळेशेजारी काचेच्या पेटीत ठेवायचा आणि एक मेच्या सकाळी बीडीओसाहेबांनी तो वाचून दाखवायचा, असा बेत. आदल्या दिवशी बब्रुवानने दप्तराची लोखंडी पेटी उघडली. जुनी वही मिळाली, पान मिळालं, तारीखही जुळली. पुढचं त्याने दोनदा वाचलं.

'दाट लग्नतिथीमुळे एक पंच हजर, आठ गैरहजर. गणपूर्तीअभावी सभा तहकूब.'

बस्स! पुढच्या पानावर थेट आडातला गाळ काढायचा विषय!

"ताई, बुडालो!"

"पान फाडा."

"शासकीय दप्तर हाय! नोकरी जाईल!"

"मग शिळा फोडा."

"गाव मलाच फोडंल की!"

उद्या साहेब शिळा वाचणार, मग वही वाचणार, मग बब्रुवानकडं बघणार! आणि एकदम त्याचे डोळे चमकले. सभा रद्द नव्हती, तहकूब होती! तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हा नियम त्याला तोंडपाठ. त्या वेळचा एक पंच मिळाला तरी सभा पुढं चालू! पासष्ट वर्षं जरा लांबली, एवढंच!

नऊपैकी आठ पंच केव्हाच देवाघरी गेलेले. उरले सत्त्याऐंशी वर्षांचे ईरण्णा, गावाचे आप्पा. बब्रुवान त्यांच्या घरी धावला, तर बायको चन्नम्मा म्हणाल्या, "उमरग्याला गेल्यात, दवाखान्यात."

दवाखान्यात! बब्रुवानने तिथूनच देवाचा धावा सुरू केला. गाडी हाणत तो उमरग्याला पोचला, तर आप्पा दारात केळं खात बसलेले. नवा चष्मा करायला आले होते! परत येताना मात्र गाडी बैलगाडीच्या चालीनं. प्रत्येक खड्ड्यानंतर तो मागं वळून बघे, सभा जिवंत आहे ना!

चार वाजता शिळेपुढंच सभा भरली. मत फक्त आप्पांचं, बाकी गाव ऐकायला. बब्रुवानने ठराव खणखणीत वाचला.

"मंजूर म्हना, आप्पा."

आप्पांनी नव्या चष्म्यातून शिळा वरपासून खालपर्यंत वाचली. "हिच्यावर सरपंचाचं नाव हाय. खाली बारीक तुझंबी हाय. माझं कुठं हाय?"

"पंचांची नावं येत न्हायत, आप्पा. एकमतानं म्हनलं की झालं."

"त्या दिशी एक पंच हजर हुता म्हनं. कोन त्यो?"

"नाव न्हाय लिवलेलं."

"म्या हुतो!" म्हातारा कडाडला. "सख्ख्या मेव्हन्याच्या लग्नाचं जेवान सोडून आलतो! दिवस मावळंपर्यंत एकटा बसलो. आन वहीत नुसता एक पंच!"

बब्रुवान वरमला. त्याला खरोखर वाईट वाटलं.

"आन इरोध केला तर?" आप्पांनी विचारलं.

"तर नाव लिवावंच लागतं," बब्रुवान सवयीनं बोलून गेला आणि जीभ चावली.

"मग लिव! माझा इरोध हाय!"

"आप्पा! महाराष्ट्र नको व्हय तुमाला?"

"लई पायजे! पर नाव लिव, पुरं लिव, आन मोठ्यानं वाच!"

बब्रुवानने लिहिलं, वाचलं. आप्पांनी पुन्हा वाचायला लावलं, मग चन्नम्मांकडं बघून मिशीत हसले. खाली बब्रुवानने मोजणी लिहिली. बाजूने कोणी नाही, विरोधात एक. नव्या राज्याचं स्वागत फेटाळलं!

"पुढं काय लिहू, ताई?" त्याने रडवेल्या आवाजात विचारलं.

"एकमतानं लिहा," ताई म्हणाल्या. "तेवढं तरी शिळेशी जुळू द्या!"