हॉलतिकीट आणि सबनेट मास्कचं कारस्थान

दहिसर चेकनाक्यापासून थेट बोरिवलीपर्यंत, ज्याच्या नुसत्या नजरेने राउटरचे दिवे लुकलुकायचे थांबतात, तो डिजिटल गुप्तहेर रतन म्हणजे मीच. दिवे थांबले की लोक मलाच शिव्या घालतात, पण मोठ्या माणसांना हे सोसावं लागतं.

त्या रविवारी माझी धाकटी बहीण संघमित्रा नर्सभरतीच्या परीक्षेला निघाली होती. वर्षभर घासून अभ्यास केलेला. हॉलतिकीट लॅपटॉपवर, प्रिंटर टेबलावर, आणि प्रिंटर ढिम्म. कागदाशिवाय आत सोडत नाहीत, आणि झेरॉक्सवाले सगळे बंद. तिचे डोळे भरले. माझेही भरत आले होते, पण गुप्तहेराला ते दाखवता येत नाही.

मी पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली. दोन्ही यंत्रांचे आयपी पत्ते द्यायचे, पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते ठरवणारा सबनेट मास्क लावायचा, की दोघं एकाच नेटवर्कमध्ये नांदतात का ते कळतं. उत्तर आलं, ‘फॉल्स’, म्हणजे नाही. लॅपटॉपचा पत्ता भलत्याच नेटवर्कचा.

मी घातपात जाहीर केला. पहिला संशय परदेशी टोळीवर, दुसरा आईवर, कारण तिने टेबल पुसलं होतं. आई म्हणाली, यापुढे धूळ पुरावा म्हणून ठेवते. शेवटी खरा गुन्हेगार सापडला, तो मास्कच! २५५.२५५.२५५.० म्हणजे फारच कडक. स्क्रिप्टमध्ये मी तो २५५.२५५.०.० केला. नेटवर्क ऐसपैस झालं आणि उत्तर आलं, ‘ट्रू’.

“केस सुटली,” मी म्हणालो.

“दादा, कागद कुठाय?”

स्क्रिप्टमध्ये बदललंस ते लॅपटॉपला कुठे माहितीय, असंही ती पुटपुटली. मी तिकडे दुर्लक्ष करून प्रिंटचं बटण दाबत राहिलो.

तेवढ्यात बेल वाजली. वरच्या मजल्यावर शिकवण्या घेणाऱ्या मालवणी प्रेमाकाकू हातात गठ्ठा घेऊन उभ्या. प्रत्येक कागदावर संघमित्राचाच फोटो.

“गो बाय, परीक्षा एकच आसा मा?”

घरात माझे तपास चालतात म्हणून संघमित्रा अभ्यासाला काकूंकडे बसते. लॅपटॉपने सवयीने काकूंचंच वायफाय धरलं होतं आणि प्रिंटरही त्यांचाच निवडला होता. मघापासून हॉलतिकिटं वर पडत होती.

संघमित्राने एक कागद खेचला, काकूंना मिठी मारली आणि पळाली. खिडकीतून तिची रिक्षा वळताना दिसली आणि मला चक्क रडू आलं. डोळे पुसून, एक बोट बटणावर तसंच ठेवून, मी काकूंना समजावू लागलो की हे सगळं मास्क रुंद केल्यामुळेच घडलं.

काकूंनी उरलेला गठ्ठा माझ्यासमोर ठेवला.

“झिला, सगळा खरा. पण आता ता बटण सोड. वर शाई संपाक इली.”